आईबरोबर युंगफ्राऊच्या खिंडींत

साखरशेत हें नांव वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. जव्हार तालुक्यांतील, डोंगरउतारांवर पाड्यापाड्यांनीं विखुरलेलें तें एक लहानसें गांव. १९६७ सालीं माझी आई तेथील प्राथमिक शाळेंत शिक्षिका म्हणून रुजू झाली आणि पुढें नऊ वर्षें तिनें तेथेंच काढलीं. लेख स्वित्झर्लंडच्या प्रवासाचा आणि आरंभ मात्र साखरशेतापासून, हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु त्या प्रवासांत आम्ही जेथें जेथें गेलों तेथें तेथें आई साखरशेत बरोबर घेऊन आली होती. आणि तें कां, हें कळावयास मला प्रवासाची शेवटली संध्याकाळ यावी लागली.

२०१९ सालीं आईला पंचाहत्तरावें वर्ष लागलें. वडील वारल्यापासून ती नाशिकास माझ्या थोरल्या भावाकडे असते. ती स्वतः, भाऊ-वहिनी, पुतण्या व त्याची बायको, आणि त्यांचें तान्हें मूल अशा चार पिढ्या त्या घरीं एकत्र नांदतात, आणि आईचा दिवस कोणाला ना कोणाला कांहीं तरी शिकविण्यांत जातो. तिला एकदां परदेश दाखवावा असें माझ्या मनांत फार दिवसांपासून होतें. पण तिचा रुकार मिळविणें हें व्हिसा मिळविण्यापेक्षां अवघड ठरलें. प्रकृतीची अडचण नव्हती; हृदयाच्या डॉक्टरांनीं तपासून हरकत नसल्याचें सांगितलें होतें. अडचण होती ती पैशाची, आणि तीहि पैसा नसल्याची नव्हे, तर तो लेकीचा असल्याची. माझ्या आजीच्या पिढींत मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचें पाणीसुद्धां घेत नसत. आई छत्तीस वर्षें नोकरी केलेली बाई. असल्या रूढींना ती हंसते. पण रूढीला हंसणें निराळें आणि लेकीच्या पैशानें विमानांत बसणें निराळें!

शेवटीं भावानें तोडगा काढला. विमानाचें भाडें मीं द्यावें, राहण्या-जेवणाचा खर्च त्यानें सोसावा, आणि तिकडे गेल्यावर डोंगरावरची जी एक मोठी सहल करावयाची तिचीं दोघींचीं तिकिटें आईनें आपल्या पेन्शनींतून काढावींत. म्हणजे कोणीच कोणाच्या उपकारांत नाहीं. हें आईला पसंत पडलें. तिनें लगेच एक वही आणवली आणि पहिल्या पानावर तीन रकाने आंखले.

वहिनीनें थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू यांचीं पुडकीं बांधून दिलीं. तिकडे आमच्या खाण्याची आबाळ होईल ही तिची भीति अगदींच खोटी नव्हती. (गंमत अशी कीं, आपल्याकडचीं मुलें हल्लीं ज्या मॅगीवर वाढतात त्या नांवाचा मूळ पुरुष यूलियस मॅगी हा स्विसच होता!)

झुरिकाहून इंटरलाकेन आणि तेथून लहान गाडीनें लाउटरब्रुनेन असा आमचा मार्ग होता. दोन सरोवरांच्या मध्यें वसलेलें इंटरलाकेन हें आतां आपल्या लोकांना नवखें राहिलेलें नाहीं. हिंदी चित्रपटांना त्या डोंगरांची ओळख करून देणारे यश चोप्रा यांचा पुतळा २०१६ सालीं त्या गांवांत उभा राहिला. रस्त्यानें चालतांना गुजराथी-मराठी सहज कानावर पडतें. आईचें मन तेथें रमलें नाहीं. "आपलींच माणसें बघायला एवढ्या लांब कशाला यायचें?" असें म्हणून ती पुढच्या गाडींत जाऊन बसली.

लाउटरब्रुनेन हें समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. दोहों बाजूंस सरळ तुटलेले कडे, मध्यें हिरवेंगार अरुंद खोरें, आणि कड्यांवरून जागजागीं कोसळणारे धबधबे. या खोऱ्यांत बहात्तर धबधबे आहेत असें सांगतात. गांवाला लागूनच असलेला स्टाउबबाख २९७ मीटरांवरून खालीं येतो, आणि येतां येतां त्याच्या पाण्याचा इतका बारीक तुषार होतो कीं, त्याच्या नांवाचाच अर्थ 'धुळीचा ओढा' असा आहे. जर्मन महाकवि गटे १७७९ सालीं येथें आला होता आणि या धबधब्यावरून त्याला एक कविता सुचली. हें सगळें मीं आईला मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिनें मान वर करून बराच वेळ पाहिलें आणि म्हणाली, "श्रावणांत आपला दाभोसा याच्यापेक्षां भारी दिसतो. पण श्रावणांतच." आणि ती पुढें चालूं लागली.

तिला खिळवून ठेवलें तें दुसऱ्याच वस्तूनें. रस्त्याच्या कडेला लांकडाचा एक ओंडका कोरून केलेली डोण होती. तींत एका नळींतून करंगळीएवढी धार अखंड पडत होती. डोण भरून पाणी पलीकडच्या गटारांत वाहून जात होतें. नळीला चावी नव्हती. आईनें ओंजळ धरली, प्यायली, आणि मला विचारलें, "हें बंद कधीं करतात?"

"बंद करीत नसावेत," मी म्हणालें.

"रात्रींसुद्धां?"

मला काय ठाऊक! त्या रात्रीं दोन वाजतां जाग आली तेव्हां आई अंथरुणावर नव्हती. अंगावर शाल घेऊन ती खिडकीशीं उभी होती. खालून त्या डोणींत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

याचें मर्म कळण्यास साखरशेतचें पाणी कळलें पाहिजे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. मुंबईकरांना आपल्या ज्या पावसाचें एवढें कौतुक, त्याहून हा कांहीं कमी नाहीं. पण काळ्या पाषाणाच्या उतारांवरून तें पाणी आलें तसेंच वाहून जातें. मार्गशीर्ष सरतां सरतां ओढे आटूं लागतात, आणि शिमग्यानंतर बायांच्या डोक्यांवर जे हंडे चढतात ते मृग लागेपर्यंत उतरत नाहींत. याच डोंगरांतून येणाऱ्या वैतरणेवर मुंबईसाठीं १९५७ सालीं मोडकसागर झाला. २०१४ सालीं मध्य वैतरणेचें धरण पुरें झालें. दादर-गिरगांवांत नळ सोडला म्हणजे त्यांत या डोंगरांतला पाऊस असतो, आणि मोखाड्याचे कित्येक पाडे वैशाखांत टँकरची वाट पाहत बसतात. आईनें ही गोष्ट तक्रार म्हणून कधींच सांगितली नाहीं. भूगोलाचा धडा म्हणून मात्र आम्हां भावंडांना ती शंभर वेळां तरी ऐकावी लागली आहे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी वर्तमानपत्रांत आली, त्या दिवशीं तिनें धडा सांगितला नाहीं. ती दिवसभर कोणाशीं बोललीच नाहीं.

आईनें तरुणपणीं कोसबादच्या टेकडीवर कांहीं महिने राहून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें काम जवळून पाहिलें होतें. ताराबाईंनीं बोर्डीचें आपलें बालशिक्षणाचें कार्य १९५७ सालीं कोसबादला नेलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, प्रसंगीं गुरें चारावयाच्या कुरणांतहि जावें, हें त्यांनीं करून दाखविलें. तेंच वेड घेऊन आई साखरशेतास आली. पुढें लग्न झालें. वडील जव्हारास हायस्कुलांत शिक्षक, आई साखरशेतास, आणि आठवड्यानें भेट. तरुण सून आडगांवीं एकटी कशी राहणार, म्हणून माझी आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, सोबतीस तिच्याजवळ जाऊन राहिल्या.

आजी कडक सोवळ्यांतली. तिचें पिण्याचें पाणी आई पहांटे उठून स्वतः झऱ्यावरून आणी. त्या कळशीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. १९७२ सालीं पावसानें दगा दिला आणि ऐन पौषांत झरा आटला. दुसरें पाणी तिप्पट लांब. मी तेव्हां दोन वर्षांची होतें, आणि तापानें फणफणलें होतें; मला टाकून आईला घराबाहेर पडतां येईना. अशा वेळीं शाळेंतली नऊ-दहा वर्षांची एक वारली मुलगी, कोणी न सांगतां, रोज सकाळीं एक कळशी भरून आणून ओट्यावर ठेवूं लागली. पहिले दोन दिवस आजीनें ती तशीच राहूं दिली. तिसऱ्या दिवशीं तिनें कळशी उचलली आणि देव्हाऱ्यापाशीं नेऊन ठेवली. यावर घरांत कोणी अवाक्षर काढलें नाहीं. आजीनेंहि पुढें कधीं त्याचा उल्लेख केला नाहीं. एवढी गोष्ट मला आईकडून कळलेली होती. तिचा शेवट मात्र ठाऊक नव्हता.

डोंगराचा दिवस ३१ जुलै हा ठरला. तिकिटें काढण्याचें काम माझ्याकडे होतें. माणशीं दोनशें फ्रँकांच्या आसपास पडत होते, म्हणजे त्या वेळच्या भावानें दोघींचे अठ्ठावीस हजार रुपये. आईच्या पेन्शनींतून एका दिवसांत एवढे जावे हें माझ्या जिवावर आलें. तिनें रक्कम विचारली तेव्हां मीं चौदा हजार सांगितले, आणि उरलेले गुपचूप मीं भरले. तिनें वहींत चौदा हजार लिहिले, दोनदां रेघ मारली, आणि प्रसन्न मनानें लाडवांचा डबा पिशवींत घातला.

लाउटरब्रुनेनहून निघणारी गाडी दांत्यांच्या रुळावरून चढते. वाटेंत वेंगेन म्हणून गांव लागतें. तेथें मोटारींना बंदी आहे, म्हणून साऱ्या गांवांत गाईंच्या गळ्यांतल्या घंटांखेरीज आवाज नाहीं. जसजसें वर जावें तसतशीं झाडें खुजीं होत जातात, मग नाहींशींच होतात, आणि नुसतें गवत व फुलें राहतात. आई खिडकीशीं बसून मुलासारखी पाहत होती. क्लाइनऽ शाइडेग या २०६१ मीटरांवरील स्थानकावर गाडी बदलावी लागते. तेथें समोर एकदम तीन शिखरें उभीं ठाकतात: आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ. म्योंख म्हणजे संन्यासी, युंगफ्राऊ म्हणजे कुमारिका. आयगर हा राक्षस असून संन्यासी त्याच्यापासून कुमारिकेचें रक्षण करीत मध्यें उभा आहे, अशी तिकडे लोककल्पना आहे. आई म्हणाली, "म्हणजे सगळीकडे पुराणें सारखींच!"

याच संन्याशाच्या आणि राक्षसाच्या पोटांतून वर रेल्वे नेण्याची कल्पना आडोल्फ गायर-त्सेलर या उद्योगपतीला १८९३ सालीं सुचली. त्या वेळीं तो आपल्या मुलीबरोबर डोंगरांत फिरावयास गेला होता. १८९६ सालीं काम सुरू झालें. गायर-त्सेलर १८९९ त वारला. त्याची गाडी शेवटल्या स्थानकास पोंचली ती १ ऑगस्ट १९१२ रोजीं. सात किलोमीटरांच्या आसपास लांबीचा तो बोगदा, आणि गाडी आरंभापासून विजेवर चालणारी. त्या काळीं आपल्याकडे मुंबईच्या लोकलनाहि वीज मिळाली नव्हती.

हें मी सांगत असतां आईनें माझ्या हातांतलीं तिकिटें घेतलीं. चष्मा काढून पुसला, पुन्हां लावला, आणि छापलेला आंकडा वाचला. शाळामास्तरणीपुढें आंकडा लपत नाहीं, हें मीं विसरावयास नको होतें. ती रागावली नाहीं. जरा वेळानें म्हणाली, "तूं मला फसवलेंस त्याचें कांहीं नाहीं ग. पण वहींत खोटें लिहायला लावलेंस. आयुष्यांत एकदांच वहींत खोटें लिहिलें होतें मीं. ही दुसरी खेप."

"पहिली कोणती?" मीं विचारलें.

तिनें उत्तर दिलें नाहीं. "मी येथेंच बसतें. तूं वर जाऊन ये. मला येथूनच छान दिसतें आहे," एवढेंच ती म्हणाली. आणि खरोखरीच तिला तेथें बसूं द्यावयास हवें होतें. पण मनांत एक सहल आंखली कीं ती पुरी केल्यावांचून आपल्याला चैन पडत नाहीं. मग जिच्यासाठीं आंखली तिचें मन असो वा नसो. मी म्हणालें, "आई, तिकीट फुकट जाईल." तिच्या पिढीवर हा शब्द हमखास चालतो. ती उठली.

गाडी पाऊण तासाच्या आंत, अंधारांतून चढत, ३४५४ मीटरांवर नेऊन सोडते. मध्यें आइस्मेर येथें पांच मिनिटें थांबते; तेथें कड्यांत बसविलेल्या जाड कांचांतून हिमनदीचा फुटलेला पृष्ठभाग दिसतो. वर स्थानकापासून उद्वाहकानें आणखी शंभरएक मीटर चढलें कीं वेधशाळेचा सज्जा येतो. आम्ही पोंचलों तेव्हां सारें ढगांत बुडालेलें होतें. आम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलों. मग वारा आला, ढग फाटले, आणि दक्षिणेकडे आलेच हिमनदी दिसली. आल्प्समधील ही सर्वांत लांब हिमनदी. वीस किलोमीटरांहून अधिक लांब, मधून काळ्या रेघा ओढलेली, स्तब्ध. ती वाहते आहे हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. १८७० च्या सुमारापासून ती तीन किलोमीटरांहून अधिक मागें हटली आहे, हें वाचून दाखविल्यावर आई म्हणाली, "म्हणजे हळूहळू यांच्याहि डोक्यावर हंडा यायचा कीं काय?"

मग ती एकदम वर्गांत उभी राहिल्यासारखी बोलूं लागली. इकडचें पाणी कोठें जातें? रोन नदींतून भूमध्यसमुद्रास. आणि आपण आलों त्या बाजूचें? आरेंतून ऱ्हाइनला आणि ऱ्हाइनमधून उत्तरसमुद्रास. "म्हणजे त्र्यंबकच!" ती म्हणाली. "त्र्यंबकच्या डोंगरांत गोदावरी निघाली ती पूर्वसमुद्राला गेली, आणि वैतरणा निघाली ती आपल्याकडे उतरली. एकाच पावसाचे दोन थेंब बघ!" बोलतां बोलतां ती थांबली आणि धाप लागल्यासारखा श्वास घेतला. मला वाटलें, बोलण्याचा आवेश असेल.

खालीं उतरून आम्ही डोंगराच्या पोटांतील भुयारांतून हिंडूं लागलों. बर्फांत कोरलेली दालनें, दुकानें, चॉकलेटें यांविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. त्या वाटेंतच बांधकामांत मृत्यु पावलेल्या मजुरांचें एक स्मारक लागतें. मजूर बहुतेक इटलींतले होते. १८९९ सालच्या एका स्फोटांत सहाजण एकदम गेले. माझ्या हातांतल्या पुस्तिकेंत हें होतें तें मीं तिला वाचून दाखविलें. आई म्हणाली, "म्हणजे जगायला आलेले." जव्हार-मोखाड्याकडे कामासाठीं गांव सोडण्याला हाच शब्द आहे: जगायला जाणें. ती तेथें बराच वेळ उभी राहिली; मग भिंतीला हात टेकला, आणि खालींच बसली.

तिचा चेहरा पांढरा फटक पडला होता. ओंठ कोरडे. डोकें गरगरतें आहे, एवढें ती कसेंबसें म्हणाली. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो, हें मीं घरीं निघण्यापूर्वीं वाचलें होतें. वाचलेलें त्या क्षणीं उपयोगीं आलें नाहीं. तेथें कामावर असलेल्या एका बाईनें खुर्ची आणली, पाणी दिलें, नाडी पाहिली, आणि पहिल्या गाडीनें खालीं जाण्यास बजावलें. गाडी सुटावयास अठरा मिनिटें होतीं. तीं अठरा मिनिटें मी आईचे दोन्ही हात चोळीत बसलें होतें. तिचे हात कळशा वाहिलेले, रुंद, घट्ट. ते इतके थंड मीं कधीं पाहिले नव्हते. भावाला काय सांगूं, वहिनीला काय सांगूं, हें नाहीं माझ्या मनांत आलें. मनांत एकच आलें कीं, हिला येथें मीं 'फुकट' या एका शब्दासाठीं आणलें.

शाइडेगला उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिच्या गालांवर रंग आला. गरम चहा घेतला, अर्धा लाडू खाल्ला, आणि मग समोरच्या कुरणांतल्या गाई मोजूं लागली. मीं क्षमा मागितली. ती म्हणाली, "वरचें पाहिलें तें बरेंच झालें. पण पुन्हां कोणाला फुकटचें भय घालूं नकोस."

दुसरा दिवस १ ऑगस्टचा. सकाळीं उठल्याबरोबर आईला लोकमान्यांच्या पुण्यतिथीची आठवण झाली. मीं सांगितलें कीं, स्विस लोकांचा हा राष्ट्रीय दिन. १२९१ सालच्या करारापासून ते आपल्या संघराज्याचा आरंभ धरतात. कालच्या त्या रेल्वेचा वाढदिवसहि हाच. आणि जव्हार-मोखाडा ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत गेले तेंहि २०१४ च्या १ ऑगस्टलाच. "एका तारखेवर किती ओझें!" आई म्हणाली. तो दिवस आम्ही कोठेंच गेलों नाहीं. डोणीजवळच्या बांकावर बसून तिनें नातवंडांना पत्रें लिहिलीं.

रात्रीं जेवण आटोपून बाहेर आलों तों समोरच्या उंच कड्यावर एक ज्वाळा दिसली. मग पलीकडच्या डोंगरावर दुसरी. पाहतां पाहतां अंधारांत चार-पांच ठिकाणीं आगट्या पेटल्या. राष्ट्रीय दिनाच्या रात्रीं उंचावर अशा होळ्या पेटविण्याची तिकडे जुनी चाल आहे. खालीं गांवांत मुलें कागदी कंदील घेऊन फिरत होतीं. आई उठून उभी राहिली.

"शिमगा," ती म्हणाली.

आणि मग, मीं न विचारतां, सांगूं लागली. दिवाळी झाली, भात झोडून झालें, कीं साखरशेतचीं निम्मीं घरें बंद होत. माणसें वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जगायला जात. मुलें बरोबर जात. वर्ग ओस पडे. पण शिमग्याला प्रत्येकजण परत येई. दिवाळी चुकली तरी चालेल, शिमगा चुकावयाचा नाहीं. होळीच्या रात्रीं आई हजेरीपट घेऊन उजेडांत उभी राही, आणि एकेक मूल दिसलें कीं त्याच्या नांवापुढें खूण करी. तारपा वाजत असे, आणि बाईंचें हें काय चाललें आहे म्हणून लोक हंसत. तिला तेवढ्याच रात्रीं कळे, आपले कोण आहेत आणि कोण नाहींत.

"तुझा ताप उतरला आणि त्याच माघांत त्या पोरीच्या घरचें धान्य संपलें," ती म्हणाली. "तेहि गेले भिवंडीकडे. शिमग्याला आईबाप आले. मी पट घेऊन उभी. तुझी आजी कधीं होळीकडे यायची नाही, पण त्या वर्षीं आली होती. तिनेंच विचारलें, पोर कुठें आहे? बापानें नुसती मान हालवली. ताप आला होता म्हणे, भट्टीवरच. आजी तशीच मागें फिरली आणि घरीं जाऊन निजली."

वरच्या कड्यावरची आगटी आतां मोठी झाली होती. तिच्याभोंवतीं माणसांचे ठिपके हालत होते.

"पटावर काय लिहिणार? नांव कमी करावें लागतें. मला कमी करवेना. वर्ष संपेपर्यंत मी तिच्या नांवापुढें रोज 'गैरहजर' लिहीत राहिलें. तपासणीला साहेब आले, त्यांनीं विचारलें, ही मुलगी इतके दिवस कुठें आहे? मीं सांगितलें, जगायला गेली आहे."

ज्वाळा खालीं बसेपर्यंत आम्ही तेथें होतों. मग आईला गारवा बाधेल म्हणून मीं तिला खोलीवर नेलें. तिनें दिवा लावला, पिशवींतून वही काढली, चौदा हजारांचा आंकडा एका रेघेनें खोडून त्यावर अठ्ठावीस हजार लिहिला, आणि बाजूला तारीख घातली. फरकाची रक्कम नाशिकास पोंचल्यावर आठ दिवसांच्या आंत मला पोंचती झाली.